मूर्तिपूजेविषयीचा शास्त्रभाग वाचताना या चुका टाळा

बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 44व्या अध्यायातील 9 ते 20 ही वचने मूर्तिपूजानिषेधाचा विषय निघाला की हमखास उघडली जातात. परळच्या आमच्या बायबल अभ्यासवर्गात ती एकदा गणेशोत्सवाच्या दिवसांत वाचली गेली. विसाव्या वचनाशी पान संपले, वाचन तिथेच थांबले आणि चर्चा सरळ रस्त्यापलीकडच्या मांडवाकडे वळली. पान उलटले असते, तर एकविसावे वचन समोर आले असते: हे याकोबा, हे इस्राएला, या गोष्टी लक्षात ठेव. परमेश्वर हे सारे स्वतःच्या लोकांना सांगत आहे. श्रोता कोण हे न पाहता शेजाऱ्याकडे बोट दाखवणे ही या शास्त्रभागाच्या वाचनातील सर्वांत मोठी चूक होय, आणि त्या संध्याकाळी ती माझ्याही हातून घडली.

ती टाळायची, तर निदान 43व्या अध्यायापासून 46व्या अध्यायापर्यंत सलग वाचावे. इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडले, मंदिर जळाले आणि लोक बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात गेले. ज्याने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल जिंकले, त्या पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाचे नाव 44:28 आणि 45:1 मध्ये येते. हरलेल्या, परक्या नगरीतील वैभवाने दिपलेल्या आणि आपला देवच दुबळा ठरला की काय या शंकेने पोखरलेल्या माणसांना येथे धीर दिला जात आहे. म्हणूनच 46व्या अध्यायात बेल व नबो या बाबेलच्या दैवतांच्या मूर्तींचे ओझे थकलेल्या जनावरांवर लादलेले दिसते, तर परमेश्वर आपल्या लोकांना जन्मापासून पिकल्या केसांपर्यंत स्वतः वाहून नेतो. हा विरोध ध्यानात आला नाही, तर 44व्या अध्यायात केवळ टिंगल ऐकू येते.

दुसरी चूक म्हणजे कारागिराचे वर्णन घाईने ओलांडून जाणे. लोहार निखाऱ्यांवर राबतो आणि भुकेने, तहानेने गळून जातो. सुतार सूत ताणतो, रेघ आखतो, कंपास फिरवतो. त्याच झाडाच्या एका भागावर भाकर भाजतो, ऊब घेतो आणि उरलेल्या भागापुढे ‘मला वाचव’ म्हणतो. संदेष्टा कारागिराच्या हातांवर इतका का रेंगाळतो? बाबेल ज्या प्रदेशात होते, त्या मेसोपोटेमियात मूर्तीचा ‘मुखप्रक्षालन’ विधी होत असे. त्यात कारागिरांचे हात प्रतीकात्मक रीतीने तोडले जात आणि ‘ही मी घडवली नाही’ असे त्यांच्याकडून वदवून घेतले जाई. विधीने झाकलेले हातच संदेष्टा उजेडात आणतो. मूर्ती माणसाने घडवलेलीच नाही, या बाबेलच्या दाव्यावर त्याचा रोख आहे; आपल्या शेजाऱ्याची श्रद्धा काय आहे हे यशयावरून ठरवू नये, ते त्यालाच विचारावे.

मूर्ती नेहमी बाहेरूनच येते, हाही गैरसमज आहे. गणना या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात मोशेने देवाच्या आज्ञेनेच पितळी सर्प केला, पण पुढे इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). कलस्सैकरांस पत्र 3:5 तर लोभालाच मूर्तिपूजा म्हणते. जागेच्या एकेका चौरस फुटासाठी भावाभावांत कज्जे चालणाऱ्या या शहरात ते वचन मला यशयापेक्षाही अधिक बोचते.

एक लहानशी अडचण दहा आज्ञांच्या क्रमांकाची असते. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मूर्तींविषयीची आज्ञा दुसरी मोजतात. कॅथलिक परंपरेत ती पहिल्या आज्ञेतच धरली जाते आणि दुसरी आज्ञा देवाचे नाव व्यर्थ न घेण्याची असते. वांद्र्याहून आलेल्या एका भगिनींशी आमचा त्यावरून अर्धा तास विनाकारण वाद झाला. तेव्हापासून आम्ही क्रमांक न सांगता ‘निर्गम 20:4-5’ असेच म्हणतो.