पिच स्पर्धेची तयारी: स्लाइडच्या आधी गिऱ्हाईक शोधा

स्टार्टअपच्या पिच स्पर्धेची, म्हणजे आपल्या धंद्याची कल्पना परीक्षकांसमोर थोडक्यात मांडायच्या स्पर्धेची, नोटीस लागली की पोरं लॅपटॉप उघडतात आणि स्लाइडला कुठला रंग द्यायचा यावर चर्चा सुरू होते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आमच्या ई-सेलचं (उद्योजकता कक्षाचं) काम बघते आणि आसपासच्या कॉलेजांत परीक्षक म्हणूनही जाते. दोन्हीकडून बघून माझं एक मत पक्कं झालंय. ज्या संघाकडे एक खरा गिऱ्हाईक असतो, नावगाव असलेला, ज्यानं त्यांच्या वस्तूसाठी खिशातून पैसे काढलेत असा, त्या संघाचं बोलणं वेगळंच लागतं. तिथपर्यंत कसं पोचायचं ते सांगते.

आधी स्पर्धा कुठली आहे ते नीट बघा. विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधनाची स्पर्धा आहे. तिथे तुमचा प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष तपासतात. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ 2017 पासून होतेय. तिथे प्रश्न मंत्रालयांकडून किंवा कंपन्यांकडून आलेला असतो, सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. आयआयटी मुंबईच्या ई-सेलची ‘युरेका’ धंद्याचं गणित मागते. ‘हल्ट प्राइझ’ जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, बक्षीस 10 लाख डॉलरचं, आणि तिथे समाजाचा एखादा मोठा प्रश्न धंद्याच्या वाटेनं सुटतोय का हे बघतात. या सगळ्यांना एकच फाइल नाव बदलून पाठवणारे संघ मी दरवर्षी बघते. गुणांचा तक्ता बहुतेक वेळा माहितीपत्रकातच छापलेला असतो. तो वाचा, आणि ज्याला जास्त गुण त्याला तुमच्या पाच मिनिटांतला जास्त वेळ द्या.

आता मुख्य काम. आमच्या एका संघानं बेदाण्याच्या शेडसाठी हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र केलं होतं. पहिली स्लाइड काय, तर भारतातली शेती किती लाख कोटींची. मी त्यांना तासगावकडे धाडलं. ज्यांनी शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात, पंधरा-एक दिवसांत ती वाळतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा मिळतो. मधेच अवकाळी आला आणि माल ओला झाला की बेदाणा काळा पडतो, सौद्यात भाव उतरतो.

पोरं तिथे गेली आणि त्यांना एक गोष्ट कळली जी कुठल्याही अहवालात सापडली नसती. पुष्कळ बागायतदार भाड्याच्या शेडवर माल टाकतात. म्हणजे बेदाणा काळा पडला तर नुकसान बागायतदाराचं, पण यंत्र लागणार शेडमालकाच्या छपराखाली. मग पैसे कोण देणार? हा प्रश्न परीक्षकानं मंचावर विचारला असता तर संघ गप्प झाला असता. शेडवर विचारला गेला म्हणून त्यांना उत्तर शोधायला दोन महिने मिळाले.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, हेही शिकावं लागतं. ‘काका, आमचं यंत्र तुम्हाला आवडेल का?’ असं विचारूच नका. आपल्याकडे कॉलेजची पोरं दारात आली की माणसं चहा पाजतात आणि ‘लई भारी केलंय’ म्हणतात. त्या कौतुकाला स्पर्धेत किंमत नाही. घडून गेलेलं विचारा. गेल्या हंगामात पाऊस आला त्या रात्री तुम्ही काय केलंत? शेडवर प्लास्टिकचा कागद सोडायला माणसं किती वाजता आली, त्यांना किती दिले? किती माल काळा पडला? सौद्यात किलोमागे किती कमी आले? बोलताना आकडे वहीत उतरवा, समोरच्याच्या शब्दांत. आणि शेवटी, मान खाली न घालता, इसार मागा. पाचशे रुपये का असेनात. आमच्या संघाला बऱ्याच जणांनी ‘बघू पुढं’ म्हटलं. एका शेडमालकानं मात्र पैसे दिले आणि वर अट घातली: रात्री माझा मोबाइल सायलेंटवर असतो, मेसेज नको, भोंगा वाजला पाहिजे. त्या अटीमुळे यंत्र बदललं. स्पर्धेत त्यांनी इसाराच्या पावतीचा फोटो दाखवला आणि सभागृह शांतपणे ऐकायला लागलं.

मोठ्या स्पर्धा जिंकलेल्यांकडे बघितलं तरी हेच दिसतं. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीच्या वैभव तिडके आणि त्यांच्या साथीदारांनी विजेशिवाय चालणारा सोलर ड्रायर केला. त्याला 2013 मध्ये ‘डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंज’चं 60,000 डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पण मला ते आवडतात ते त्याच्या पुढच्या कामासाठी. नुसता ड्रायर देऊन शेतकऱ्याचं भागत नाही, वाळवलेला माल घेणारा कुणीतरी लागतो. आज त्यांच्या ‘एस4एस टेक्नॉलॉजीज’च्या व्यवस्थेत गावातल्या महिला भाजीपाला वाळवतात आणि कंपनी तो खाद्यउद्योगाला पोचवते. 2023 मध्ये तिला ‘अर्थशॉट’ पुरस्कार मिळाला. पहिल्या बक्षिसापासून या पुरस्कारापर्यंत दहा वर्षं गेली आहेत, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगते. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा ‘नॅनोहेल्थ’ संघ 2014 मध्ये ‘हल्ट प्राइझ’ जिंकला, तोही झोपडपट्टीतल्या मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांपर्यंत घरोघर पोचण्याच्या योजनेवर.

पाच मिनिटांची मांडणी मी अशी करायला लावते. सुरुवात एका माणसाच्या एका अडचणीनं, नावगावासकट (त्याची परवानगी घेऊन). लगेच यंत्र टेबलावर ठेवा आणि चालवून दाखवा. सभागृहातलं वायफाय ऐन वेळी दगा देतं, म्हणून चालत्या यंत्राचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून न्या. मग एका नगाचं गणित: सुटे भाग कितीला, जोडणीला किती, बसवायला जायचा पेट्रोलखर्च किती, विक्री कितीला. पेट्रोलचा आकडा जवळजवळ सगळे विसरतात आणि गावोगावी बसवायच्या वस्तूत नफा तिथेच संपतो. बाजारपेठेचा आकडा खालून वर बांधा: आपल्या तालुक्यात शेड किती, त्यातल्या किती जणांना भेटलात, किती जणांनी होकार दिला. शेवटी पुढच्या सहा महिन्यांत काय करणार आणि त्याला किती पैसे लागतील. बोलणारा एकच असू द्या, फार तर दोघं. चौघांनी माइक फिरवला की पाऊण मिनिट त्यातच जातं.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. नियमात भाषेचं बंधन नसेल तर मराठीत बोला. बंधन असेल तर छोटी वाक्यं करा, पाठांतर करू नका. पाठ केलेलं मधे तुटलं की जुळत नाही.

प्रश्नोत्तरांत एक उत्तर हमखास गुण घालवतं: ‘आम्हाला स्पर्धकच नाही.’ बेदाण्याच्या शेडवर तुमचा स्पर्धक प्लास्टिकचा कागद आहे, रात्री जागणारा राखणदार आहे, आभाळ बघून अंदाज बांधणारे आजोबा आहेत. त्यांच्यापेक्षा तुम्ही कुठे बरे आणि कुठे कमी, हे सांगा. एखादा आकडा माहीत नसेल तर ‘माहीत नाही, अमुक ठिकाणी विचारून कळवतो’ म्हणा, आणि खरंच कळवा.

मंचावर जाण्याआधीचं एक काम फार महत्त्वाचं आहे आणि कॉलेजात कुणी आठवण करून देत नाही. यंत्रात खरोखर नवं काही असेल तर ते उघड करण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. लोकांसमोर सगळी रचना दाखवल्यावर त्यातलं नवेपण गेलं असं धरलं जाऊ शकतं. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाची फी 1,600 रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. अर्ज नसेल झाला तर यंत्र काय करतं ते दाखवा, आतली रचना झाकून ठेवा. कॉलेजची प्रयोगशाळा वापरली असेल तर मालकी कुणाची, हे कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण मागून वाचा. त्याच फेरीत हजेरीबद्दलही विचारा. केंद्राच्या 2019 च्या विद्यार्थी-स्टार्टअप धोरणात हजेरीच्या सवलतींची शिफारस आहे. तुमच्या संस्थेनं ते स्वीकारलंय का, हे प्राचार्यांना विचारायला संकोच नको.

नंबर नाही आला तर? ‘अकामाई’ ही इंटरनेटचा वेग सांभाळणारी कंपनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली आणि जिंकली नाही. पुढच्याच वर्षी ती अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदली गेली. त्यामुळे निकालाच्या संध्याकाळी परीक्षकांचे प्रश्न आठवून लिहून काढा, दोन दिवसांत त्यांना उत्तरं पाठवा. त्यातूनच पुढे ओळखी होतात. नमुना तयार करायला केंद्र सरकारच्या ‘निधी-प्रयास’ योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते; त्यासाठी प्रयास केंद्राकडे अर्ज करावा लागतो.

नंबर आला तर चेक घेण्याआधी अटी वाचा. काही बक्षिसं हप्त्यानं मिळतात, काहींना कंपनी नोंदवलेली लागते, काही ठिकाणी बदल्यात हिस्सा मागतात. आणि संघानं आपसात एक कागद करावा. शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट सुरू होते, चारातले दोघं पुण्याला किंवा बंगळूरूला जातात, आणि यंत्र कुणाचं यावरून मैत्री तुटते. मला ते बघवत नाही. कोण किती हिस्सेदार, सोडून गेला तर त्याचा हिस्सा किती उरतो, बक्षिसाची रक्कम कुठल्या खात्यात जाईल, शेडवर लावलेल्या यंत्राची दुरुस्ती कोण करेल, एवढं एका पानावर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. स्पर्धेचा अर्ज भरता त्याच आठवड्यात हे उरका.