लग्नासाठी किंवा पार्टीसाठी डीजे ठरवताना या चुका टाळा

डीजे ठरवण्यासाठी फोन केला की बहुतेक यजमान दोनच प्रश्न विचारतात: त्या तारखेला मोकळे आहात का, आणि किती पैसे घ्याल? या उत्तरांवरून व्यवहार जमतो की नाही ते कळते; समारंभ कसा होईल ते कळत नाही. समारंभाच्या दालनात साठी ओलांडलेले नातेवाईक, कार्यालयातले सहकारी, कॉलेजचे मित्र आणि लहान मुले एकाच वेळी असतात. या सगळ्यांकडे पाहत पुढचे गाणे कोणते, किती मोठ्याने आणि किती वेळ वाजवायचे, हे दर दोन-तीन मिनिटांनी ठरवणे हेच डीजेचे काम असते. समोरच्या माणसाला हे जमते का, एवढे तपासायचे राहून जाते आणि बाकी सगळे तपासले जाते. बहुतेक चुकांचे मूळ मला तिथेच दिसते.

वॅट मोजून निवड करणे

दरपत्रकात स्पीकर किती, वॅट किती, दिवे किती याची यादी असते आणि दोन दरपत्रके शेजारी ठेवून मोठा आकडा असलेले निवडण्याचा मोह होतो. मात्र वॅटच्या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही. स्पीकर क्षणभर पेलू शकेल अशी कमाल शक्ती, म्हणजे पीक वॅट, ही तो सतत पेलू शकणाऱ्या शक्तीच्या चौपटही लिहिलेली आढळते. त्यामुळे कोणता आकडा छापला आहे हे विचारल्याशिवाय तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटावा यासाठी साधारण 10 डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट वॅट लागतात.

याहून कितीतरी जास्त फरक स्पीकर कुठे आणि कसे ठेवले आहेत याने पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, म्हणून सगळा आवाज एकाच टोकाच्या दोन स्पीकरमधून दिला की पुढच्या टेबलांवर बोलणे अशक्य होते आणि मागच्यांना भाषणातले शब्द कळत नाहीत. अशा वेळी मागच्या भागासाठी वेगळे लहान स्पीकर लावून त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो, कारण ध्वनीला 10 मीटर जायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात आणि हा हिशेब चुकला की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. स्पीकर स्टँडवर, उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असायला हवेत. नाहीतर गाण्यातले स्पष्ट, तीक्ष्ण स्वर नाचणाऱ्यांच्या पहिल्या रांगेतच अडतात आणि मागे नुसता बेसचा धडधडाट पोहोचतो.

म्हणून यादी वाचण्याऐवजी आपल्या जागेचे वर्णन करून स्पीकर कुठे ठेवाल, असे विचारावे. नाचण्याची जागा कुठे आहे, वयस्कर मंडळी कुठे बसणार, भिंती काचेच्या आहेत का, विजेचे पॉइंट कुठे आहेत, असे उलट प्रश्न जो विचारतो त्याने हे काम मनापासून केलेले असते. विचार न करता आणखी दोन स्पीकर वाढवून देतो म्हणणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवलेले बरे.

संपादित व्हिडिओ पाहून भारावून जाणे

एक मिनिटाच्या चकचकीत व्हिडिओत प्रत्येक डीजे उत्तमच दिसतो, कारण त्यात संध्याकाळचे सर्वांत चांगले क्षण कापून जोडलेले असतात आणि आवाज अनेकदा नंतर बसवलेला असतो. एखाद्या खऱ्या समारंभाचे न कापलेले पंधरा-वीस मिनिटांचे चित्रण मागावे आणि ते पाहताना डीजेकडे नव्हे, लोकांकडे पाहावे. गाणे बदलताना नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात का? मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यावरून एकदम 90 ठोक्यांच्या गाण्यावर उडी मारली तर लोक थबकतात आणि नेमके तेव्हाच काही जण खुर्चीकडे वळतात. जाणता डीजे साधारण सारख्या लयीची तीन-चार गाणी एकत्र ठेवतो आणि लय बदलायची असेल तेव्हा मध्ये एखादी घोषणा किंवा सर्वांच्या ओळखीची सुरावट आणून तो बदल झाकतो. नृत्याची जागा अर्धी रिकामी झाल्यावर त्याने काय केले, हे चित्रणात दिसले तर ते सर्वांत मोलाचे. भरलेल्या जागेवर गाणी वाजवणे तुलनेने सोपे असते.

क्लबमध्ये नाव कमावलेला डीजे लग्नातही तितकाच रंगेल असे गृहीत धरू नये. क्लबमध्ये लोक त्याच संगीतासाठी आलेले असतात. इथे ते नात्यासाठी आलेले असतात आणि त्यांच्या आवडी एकमेकांशी जुळत नाहीत. त्याशिवाय इथे माइक हातात घेऊन नावे बिनचूक उच्चारणे, भाषणाआधी संगीत हळूहळू उतरवणे, छायाचित्रकाराशी आणि जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्याशी वेळ जुळवणे हेही त्याच्याकडेच येते.

बोलणी एकाशी, समारंभाला दुसराच

ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की यावर थोडे थांबायलाच हवे. बोलायला येणारा अनुभवी आणि नम्र असतो, पण संस्थेकडे एकाच दिवशी चार-पाच समारंभ असल्यामुळे प्रत्यक्षात नवशिक्या सहायक येतो. माझ्या परिचयातल्या एका स्वागत समारंभात असेच घडले. आलेल्या मुलाला ना कार्यक्रमाचा क्रम माहीत होता, ना वधूवरांच्या प्रवेशाचे गाणे. तो मेहनती होता, पण त्याला कोणी काही सांगितलेलेच नव्हते, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी दालनात मिनिटभर शांतता पसरली.

यावर उपाय एकच आहे: प्रत्यक्ष येणाऱ्या व्यक्तीचे नाव करारात लिहून घ्यावे, आणि ती आजारी पडली तर कोण येईल हेही लिहावे. त्याच करारात सामान घेऊन पोहोचण्याची वेळ आणि संगीत सुरू होण्याची वेळ वेगवेगळी नोंदवावी, कारण मांडणीला आणि आवाज तपासायला तास-दोन तास सहज लागतात आणि हा वेळ पैशात धरला आहे की नाही यावरून नंतर वाद होतात. जादा तासाचा दर, आगाऊ रक्कम, समारंभ रद्द किंवा पुढे ढकलला तर काय, हेही आधीच ठरावे. ध्वनिमुद्रित संगीत समारंभात वाजवण्यासाठी परवाना लागतो की नाही याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. कुठे तो जागेच्या मालकाकडे असतो, कुठे आयोजकाला घ्यावा लागतो. तो कोण घेणार हे लेखी असावे.

पर्यायी व्यवस्थेची चौकशीही याच वेळी करावी. दुसरा लॅपटॉप आहे का, गाणी वेगळ्या ड्राइव्हवर आहेत का, इंटरनेट गेले तर काय करणार? केवळ स्ट्रीमिंगवर अवलंबून असलेला डीजे तळघरातल्या किंवा जाड भिंतींच्या दालनात हमखास अडचणीत येतो.

दीडशे गाण्यांची यादी हातात देणे

उत्साहाच्या भरात आपण मोठी यादी करतो. साडेतीन मिनिटांच्या दीडशे गाण्यांना पावणेनऊ तास लागतात, आणि चार तासांच्या समारंभातून भाषणे, प्रवेश आणि जेवण वजा केले तर नाचायला दोन-अडीच तास उरतात. इतकी लांब यादी दिली की डीजेपुढे दोनच मार्ग राहतात: यादी पाळून लोकांकडे पाठ फिरवणे, किंवा यादी बाजूला ठेवून यजमानांची नाराजी ओढवून घेणे. मी तरी असे सुचवेन की नक्की हवीच अशी दहा-पंधरा गाणी द्यावीत, ठरलेल्या क्षणांची गाणी नेमक्या सुरुवातीच्या सेकंदासह द्यावीत, आणि बाकीचे त्याच्यावर सोडावे. नको असलेल्या गाण्यांची छोटी यादी मात्र अवश्य द्यावी. एखादे गाणे घरातल्या कुणाच्या दुःखाशी जोडलेले असते आणि हे डीजेला माहीत असण्याचे काहीच कारण नसते. पाहुण्यांच्या फर्माइशी किती घ्यायच्या आणि वाद झाला तर कोणाचा शब्द अखेरचा, तेही एका व्यक्तीचे नाव देऊन सांगून ठेवावे.

आवाज जितका मोठा तितकी मजा, हा गैरसमज

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या जागांसाठी जे निकष दिले, त्यांत पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे, आणि ही गाठायची पातळी नव्हे तर कमाल मर्यादा आहे. कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मोजमापानुसार 85 डेसिबल आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते आणि 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. लहान मुले आणि वृद्ध तिथे तासन्‌तास बसणार असतात, हे आठवले की हे आकडे कोरडे वाटत नाहीत. नाचण्याच्या जागेवर आवाज भरपूर आणि टेबलांपाशी बोलता येईल इतका कमी ठेवता येतो. त्यासाठी स्पीकरची तोंडे नाचणाऱ्यांकडे आतल्या बाजूला वळवावीत आणि स्पीकरजवळची टेबले तरुणांना द्यावीत. काही दालनांत आवाज मर्यादेपलीकडे गेला की वीज तोडणारे यंत्र बसवलेले असते. ते आहे का हे विचारून डीजेला कळवावे. धुराचे यंत्र आणणार असतील तर आगीच्या सूचकाबद्दलही विचारावे.

ऐनवेळी बिघडले तर

माइकमधून कर्कश शिट्टी येऊ लागली की बोलणाऱ्याला स्पीकरच्या पुढून मागे न्यावे, माइकची जाळी मुठीत धरू देऊ नये आणि माइक तोंडाजवळ आणायला सांगावे, म्हणजे डीजेला त्याचा आवाज कमी करता येतो. जाळी झाकली की माइक सगळ्या दिशांचा आवाज पकडू लागतो, आणि नवखे वक्ते नेमके तसेच धरतात. वायरलेस माइक तुटक ऐकू येत असेल तर आधी बॅटरी बदलावी, मग रिसीव्हर आणि माइक यांच्यामध्ये माणसांची गर्दी आहे का ते पाहावे.

सतत गुणगुण ऐकू येत असेल तर ध्वनियंत्रणा आणि मंद-प्रखर होणारे दिवे एकाच विजेच्या जोडणीवर आहेत का ते तपासून घ्यावे आणि ध्वनीसाठी वेगळी जोडणी मागावी. ही गुणगुण घालवण्यासाठी कोणी प्लगची अर्थिंगची पिन काढू लागला तर त्याला ठामपणे थांबवावे. धातूच्या माइकला हात लावणाऱ्याच्या जिवावर ते बेतू शकते.

रिकाम्या दालनात छान वाटलेला आवाज पाहुणे आल्यावर बोथट वाटणे स्वाभाविक आहे, कारण माणसांची शरीरे आणि कपडे तीक्ष्ण स्वर शोषून घेतात. चांगला डीजे अर्ध्या तासाने स्वतः मागच्या टोकाला फेरी मारून येतो. तो जात नसेल तर आपण विनंती करावी.

नाचायला कोणीच उठत नसेल तेव्हा लगेच डीजेला दोष देण्याआधी आजूबाजूला पाहावे. दिवे फार लख्ख आहेत का, जेवण त्याच वेळी सुरू झाले आहे का, नाचण्याची जागा टेबलांपासून फार दूर आहे का? उजेड कमी केला आणि घरातल्या चार जणांना आधी उभे केले की बहुतेक वेळा बाकीचे येतात. तरीही जागा ओस राहिली तर डीजेपाशी जाऊन शांतपणे, गर्दीत कोणत्या वयाची माणसे जास्त आहेत आणि ती एरवी काय ऐकतात, एवढेच सांगावे. नवी यादी त्याच्या हातात कोंबू नये आणि चारचौघांत त्याला बोलू नये, कारण घाबरलेला डीजे फक्त सुरक्षित गाणी लावत राहतो. समारंभ संपण्याच्या वीस मिनिटे आधी त्याला वेळ सांगून ठेवावी, म्हणजे शेवटचे गाणे पूर्ण वाजेल आणि भाषणासाठी कोणाला माइक हवा असेल तर तो चालू असेल.