नगरसेवकाला आमदार व्हायचंय? आधी मतदार यादी उघडा

दर विधानसभेच्या आधी कोणीतरी माजी नगरसेवक विचारतोच, भाऊ आपलं जमेल का. मी स्वतः कधी उभा राहिलो नाही, पण पुण्यात पेठांमधे बूथवर बसून, टेबलं लावून, स्लिपा वाटून बरीच वर्षं गेलीत, तर जे बघितलं ते सांगतो.

जमतं का? जमतं की. आमचा कसबा मतदारसंघच घ्या, गिरीश बापट आधी नगरसेवक, मग १९९५ ते २०१९ आमदार, नंतर मुक्ता टिळक ज्या महापौर होत्या, मग २०२३ च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर आणि २०२४ ला हेमंत रासने, चौघंही महापालिकेतनं वर गेलेले. घाईवाले लगेच फडणवीसांचं नाव घेतात, १९९२ ला नगरसेवक, १९९७ ला महापौर, १९९९ ला आमदार, पण ते सगळ्यांना जमत नाही बाबा. तुम्ही धंगेकरांकडे बघा, २००९ ला पडले, २०१४ ला पडले, २०२३ ला आले आणि पावणेदोन वर्षांत परत पडले, ते पण ज्यांना हरवलं होतं त्या रासनेंकडूनच. एवढी तयारी असेल तरच पुढे वाचा.

आता खरा घोळ. तुमच्या प्रभागात तुम्ही ड्रेनेज तुंबलं की मध्यरात्री जाता, लोक ओळखतात, सगळं ठीक. पण मतदारसंघात मतदार पावणेतीन लाखांच्या आसपास आणि तुमचा प्रभाग म्हणजे त्यातला एक कोपरा, बाकीच्यांना तुम्ही फ्लेक्सवरचा एक चेहरा. म्हणून निदान दोन-तीन वर्षं आधी शेजारच्या प्रभागात दिसायला लागा, मंडळाची आरती, दहावं, शाळेचं गॅदरिंग, जे असेल ते. फक्त तिथला तुमच्याच पक्षाचा नगरसेवक आधी विश्वासात घ्या, त्याला न सांगता गेलात तर विरोधकापेक्षा तोच जास्त महागात पडतो. बोर्डवर त्याचं नाव वर, तुमचं खाली, चालतंय.

दुसरं म्हणजे यादी. भाषणं करणारे ढीगभर मिळतात, यादी घेऊन बसणारा एखादाच. एका यादी भागात साधारण हजार-बाराशे नावं, लाल पेन घ्या आणि दारोदार जाऊन प्रत्येक नावापुढे लिहा, आहे, मयत, दुबार, स्थलांतरित. आमच्याकडे वाडे पडले, लोक सिंहगड रोड-कोथरूडला गेले, पण कित्येकांची नावं अजून पेठेतच, कोणी आपुलकीने फोन केला तर ही माणसं मतदानाला येतात, नाही केला तर नाही येत, सिंपल. नवीन पोरांचे सहा नंबरचे, म्हणजे यादीत नाव घालायचे फॉर्म पण तेव्हाच भरून घ्या, आचारसंहिता लागल्यावर धावपळ करून काही होत नाही.

कागदपत्रांचं पटकन. वय २५ पूर्ण पाहिजे, नगरसेवकाला २१ चालतं. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश पण नाही मिळाली तर ती गेली. खर्चाची मर्यादा ४० लाख, त्यासाठी वेगळं बँक खातं, तेही अर्ज भरायच्या आधी. शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका, काही नसेल तर निरंक लिहा. आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने तुम्हाला अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद! अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत. एकदा आमचा उमेदवार अडीच वाजता ऑफिसच्या दारात उभा आणि फॉर्म आणणारा कार्यकर्ता गाडी घेऊन ट्रॅफिकमधे, शेवटी तो गाडी तिथंच सोडून पळत आला, ३ ला ७ मिनिटं होती, आम्हाला घाम फुटलेला. तेव्हापासून मी सांगतो, फॉर्म आणायला टू-व्हीलरवाला पाठवा.

मतदान संपलं की प्रत्येक बूथवरच्या एजंटाने सतरा-क ची, म्हणजे त्या बूथवर किती मतं पडली त्या फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही, मोजणीला तोच आकडा मशीनशी ताडून बघायचा असतो. निकाल लागल्यावर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, पडलात तरी. पडलेला उमेदवार हमखास हेच विसरतो आणि आयोगाने ३ वर्षांसाठी अपात्र केलं की पुढची महापालिका पण हातची जाते.