मारुती ८०० च्या पुढच्या स्प्रिंगा बदलताना

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत पुढची कॉइल स्प्रिंग स्ट्रटवरच (शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या उभ्या दांड्यावरच) दाबून बसवलेली असते. त्यामुळे गाडी पक्क्या स्टँडवर ठेवून स्ट्रट बाहेर काढला, तरी स्प्रिंग कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाचे) हुक समोरासमोर लावून, दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या थोड्या आवळून स्प्रिंग बैठकीत हाताने सैल हलू लागेपर्यंत वरचा मधला नट मुळीच सोडू नये. तो आधी सुटला तर स्प्रिंग उसळून हाडे मोडू शकते. कॉम्प्रेसर भाड्याने आणलेला असल्यास त्याचे आटे आधी नीट पाहावेत, आणि तो इम्पॅक्ट गनने (झटके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) न फिरवता साध्या पान्यानेच फिरवावा. नवी स्प्रिंग बसवताना तिचे टोक खालच्या बैठकीतील खाचेला टेकले पाहिजे. स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात.