अंजन गवत मुळासकट कसं काढायचं? हो, तेच आपलं वैरणीचं

मागच्या जानेवारीत टेकडीवर काम करता करता अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, हातात पहार, बाजूला उपटलेल्या गवताचा कमरेएवढा ढीग. अण्णा आयुष्यभर माण तालुक्यात गुरं आणि मेंढरं बघितलेला माणूस, फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "आगं, हे तर अंजन हाय. एवढी चांगली वैरण उपटून टाकताय व्हय?" आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, ते अंजनच होतं. झाशीच्या गवत संशोधन संस्थेने ज्याचे 'बुंदेल अंजन' नावाने सुधारित वाण काढलेत, जे आपल्याकडे माळरानावर मुद्दाम पेरतात, तेच. फक्त मी उभी होते ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये आणि इथे त्याला बफेलग्रास म्हणतात आणि ते दिसलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात हे गवत मूळचं. 1930-40 च्या दशकांत अमेरिकेच्या सरकारी खात्याने गुरांना चारा आणि माती धरून ठेवायला म्हणून आफ्रिकेतून बी आणून लावलं, टेक्सासमध्ये जोरात चाललं, मग सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात तर वाळवंट साफ करून हजारो एकर पेरलं. तिथून आणि रस्त्यांच्या कडेकडेने ते डोंगरांवर चढलं. (त्या बदल्यात त्यांच्या बाजूने आपल्याला गाजर गवत मिळालं, 1950 च्या दशकात पुण्यात नजरेत आलेलं, म्हणजे फिट्टंफाट म्हणायला हरकत नाही.)

आता इथे प्रॉब्लेम काय ते कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही म्हणून थोडं सांगते. टुसॉन ज्यात वसलंय त्या सोनोरन वाळवंटात झाडं, निवडुंग सगळे एकमेकांपासून लांब लांब, मधे मोकळी जमीन. वीज पडून एखादं झुडूप पेटलं तरी आग तिथल्या तिथे विझायची, त्यामुळे इथल्या झाडांना आगीची सवयच नाही. बफेलग्रास बरोबर त्या मोकळ्या जागा भरून काढतं, वर्षातले बरेच महिने वाळून उभं असतं, आणि पेटलं की पूर्ण उतार जातो. मग पाऊस पडला की जळलेल्या ठोंबांतून गवत परत हिरवं होतं, निवडुंग मात्र होत नाही. तो मोठा सवारो निवडुंग (स्पेलिंगमध्ये ग येतो पण बोलताना कोणी उच्चारत नाही), त्याला पहिला हात फुटायलाच 50 ते 75 वर्षं लागतात, म्हणजे माझ्या वयाचा सवारो अजून नुसता खांब असतो. तोहोनो ओओडम हे इथले मूळ लोक दर जून-जुलैत त्याची फळं काढतात, त्यांच्यासाठी तो झाडापेक्षा घरच्या माणसासारखा आहे.

तर आता कामाचं.

आधी ओळखायला शिका, हात नंतर लावा

नवीन लोक उत्साहाच्या भरात इथलं चांगलं गवत उपटून मोकळे होतात, मीही केलंय. बफेलग्रास ठोंब करून वाढतं, साधारण तीन-साडेतीन फूट उंच, खालून दाट. कणीस बाटली धुवायच्या ब्रशसारखं, आपल्या बोटाएवढं, ताजं असताना जांभळट-तपकिरी आणि वाळलं की फिकट सोनेरी. खात्रीची टेस्ट अशी की कणीस चिमटीत धरून वर ओढायचं, बी सगळं निघून येतं आणि मधे जी काडी उरते ती बोटाला पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. वाळलेला ठोंब लांबून पिवळसर दिसतो, जुना झाला की करडा.

सारखी दिसणारी बरीच आहेत. फाउंटन ग्रास म्हणून शोभेचं गवत आहे, त्याचं कणीस खूप लांब आणि पिसासारखं, तेही बाहेरचंच आहे आणि बागेतून पळून ओढ्यात शिरलंय, त्यामुळे ते काढलं तर पाप नाही. पण कॉटनटॉप म्हणजे कापसासारख्या पांढऱ्या तुऱ्याचं गवत इथलं आहे, त्याला हात लावू नका. आणि टँगलहेड. हे बघून मी तर उडालेच होते, कारण हे आपलं कुसळी गवत! तेच, मोज्यात घुसून घरापर्यंत येणारं, काळपट कुसळं एकमेकांत पिळ घातलेली. कुसळी दख्खनच्या माळावरही मूळची आणि इथेही मूळची, म्हणजे इथे पाहुणा अंजन आणि घरची कुसळी. कुसळ दिसलं की सोडून पुढे जायचं.

कुठे काढायचं आणि कोणाला विचारून

स्वतःच्या अंगणात, प्लॉटवर खुशाल काढा. पण सवारो नॅशनल पार्क किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) टेकड्यांवर मनाने पहार घेऊन जायचं नाही, तिथे परवानगी लागते. सोपा मार्ग म्हणजे त्यांच्या स्वयंसेवकांच्या गटात नाव घालायचं, हिवाळ्यात वीकेंडला कामाचे दिवस असतात, अवजारं तेच देतात, आणि बरोबर एखादे सत्तरीचे रिटायर्ड काका असतात जे आपल्यापेक्षा दुप्पट गवत काढतात आणि वर आपल्याला पाणी प्यायची आठवण करतात.

हे गवत 2005 पासून ॲरिझोनाच्या घातक तणांच्या यादीत आहे त्यामुळे बी किंवा रोप इकडून तिकडे न्यायचं नाही. अण्णा म्हणाले होते, "मग गोणी भरून इकडं पाठव की." नाही अण्णा.

कधी

इथे वर्षात दोनदा पाऊस, एक हिवाळ्यात हलकासा आणि एक उन्हाळ्यात दणकून, ज्याला हे लोकही मॉन्सूनच म्हणतात (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार बरं वाटलं होतं). खणायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च, ऊन सोसवतं आणि पाऊस होऊन दोन-तीन दिवस झाले असतील तर जमीन मऊ असते, ठोंब लोण्यातून निघाल्यासारखा निघतो. कोरड्या जमिनीत तोच ठोंब वीस मिनिटं खातो कारण खाली चुनखडीचा दगडासारखा थर असतो. जून महिन्यात 40 डिग्रीच्या वर तापमान असताना हे काम करू नका, शौर्य दाखवायला दुसऱ्या जागा आहेत.

सामान

पहार, तीच आपली, एका बाजूने चपटी. लहान हातटिकाव. खुरप्याने काही होत नाही, मी घरून आणलेलं खुरपं पहिल्याच दिवशी वाकलं. चामड्याचे हातमोजे, फुल बाह्या, घोट्याच्या वर जाणारे बूट, कणसं कापायला कात्री, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, माणशी तीन लिटर तरी पाणी. आणि एक साधा कंगवा. हसू नका, चोया नावाचं निवडुंग नुसतं घासून गेलं तरी त्याचा काटेरी गोळा अंगाला चिकटतो आणि हाताने काढायला गेलं तर हाताला चिकटतो, कंगवा खालून घालून झटका द्यायचा की उडून जातो.

खणायची पद्धत

ठोंबाजवळ जायच्या आधी पहारीने आजूबाजूला ठोकायचं, आत रॅटलस्नेक असू शकतो. थंडीत कमी असतात पण दिसत नाही तिथे हात घालायचा नाही हा नियम बारा महिने. मग कणसं असतील तर आधी ती कात्रीने कापून थेट पिशवीत, कारण ठोंब हलवला की बी सगळीकडे उडतं आणि आपणच पेरणी करून ठेवतो.

आता ठोंब एका हाताने मुठीत गोळा करून बाजूला वाकवायचा, म्हणजे बुडखा दिसतो. बुडखा म्हणजे जिथे काड्या संपतात आणि मुळं सुरू होतात ती गाठ, सगळा जीव तिथे आहे. पहार त्या गाठीच्या दोन-तीन इंच बाहेर तिरकी मारायची, गाठीच्या खाली जायला हवी, आणि मग दांडा खाली दाबून उचकटायचं. एका बाजूने नाही निघालं तर दुसऱ्या बाजूने. खालची लांब मुळं तुटून आत राहिली तरी चालतात, बुडखा पूर्ण बाहेर आला पाहिजे. अर्धा राहिला तर पुढच्या पावसात तिथूनच फुटतो. याचसाठी विळ्याने किंवा मशीनने कापणं बिनकामाचं आहे, हे गवत हजारो वर्षं गुरांच्या तोंडातून वाचत आलंय, कापल्याने त्याला उलट जोर येतो. जाळायचं तर नावच काढू नका, त्याला तेच हवंय. गुरं सोडा म्हणणारेही भेटतात (अण्णा धरून), पण गुरं बुडखा खात नाहीत आणि बी अंगाला चिकटवून पुढच्या डोंगरावर नेतात.

निघालेला ठोंब दगडावर आपटून मुळांची माती तिथेच खड्ड्यात पाडायची, खड्डा पायाने दाबून सारखा करायचा. बिनकणसाचे ठोंब खडकावर मुळं वर करून ढीग लावले तरी वाळून मरतात, खाली वाहून न्यायची गरज नाही. ओल्या मातीवर तसेच टाकले तर मात्र काही परत रुजतात. कणसांच्या पिशव्या तोंड बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

सुरुवात कुठून करायची यावर माझं ठाम मत आहे. सगळ्यांना वाटतं जिथे सगळ्यात दाट तिथे तुटून पडावं, पण दिवसभर राबून त्या दाट पट्ट्यात काही दिसतच नाही आणि माणूस परत येत नाही. आधी लांबचे सुटे सुटे ठोंब काढा, उताराच्या वरच्या अंगाचे, ओढ्याच्या वरच्या बाजूचे, कारण उद्याचे नवे पट्टे त्यांच्यापासून होतात. कडेकडेने आत यायचं. प्रत्येक जागेचं लोकेशन फोनमध्ये सेव्ह करा, पुढच्या वर्षी सगळे दगड सारखेच दिसतात.

फवारणी

एकरच्या एकर भरलेला उतार पहारीने होत नाही, तिथे ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात, पार्कवाले काही कड्यांवर हेलिकॉप्टरनेही मारतात. पण हे औषध पानातून आत जातं, त्यामुळे गवत हिरवं आणि वाढीवर असेल तरच लागू पडतं, निम्म्याहून जास्त पान हिरवं पाहिजे. आणि हे गवत हिरवं असतं उन्हाळी पावसानंतरचे थोडेच आठवडे, साधारण जुलै ते सप्टेंबर, एखाद्या वर्षी पाऊस नीट झाला नाही तर तेवढेही नाही. पिवळ्या गवतावर मारलं तर पैसे आणि औषध दोन्ही वाया. वारा असेल तर नाही, पाऊस यायच्या बेतात असेल तर नाही, लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा कडक डोस नाही, आणि शेजारच्या पालो वर्दे झाडाखाली बोटाएवढा सवारो लपलेला असतो, लहानपणी तो त्या सावलीतच वाढतो, त्याच्यावर थेंब जायला नको. औषधात रंग मिसळतात म्हणजे कुठे मारलं ते दिसतं. पार्कात हे काम ट्रेनिंग घेतलेले लोकच करतात, घरच्या अंगणात दहा ठोंब असतील तर सरळ खणा.

परत जा

इथेच सगळे कंटाळतात. मातीत पडलेलं बी तीन-चार वर्षं तरी जिवंत राहतं, त्यामुळे काढलेल्या जागी पुढच्या पावसानंतर हिरवी लव दिसणार, दिसली की नाराज व्हायचं नाही. ती रोपं कोवळी असताना दोन बोटांनी निघतात, एक माणूस तासाभरात शेकडो काढतो, पण कणीस धरेपर्यंत थांबलात तर परत पहार. म्हणून दर मोठ्या पावसानंतर एक फेरी, वर्षातून दोन-तीनदा, सलग काही वर्षं. वेगळं काही लावायची गरज सहसा पडत नाही, जागा मोकळी राहिली की इथली झुडपं हळूहळू येतात, वाळवंटात मोकळी जमीन दिसणं म्हणजे तिथे काहीतरी कमी आहे असं नसतं.

आणि हो, महाराष्ट्रात कोणी हे वाचून बांधावरचं अंजन उपटायला जाऊ नका, तिथे ते आपल्या जागी आहे, पवना, मारवेल या वैरणीच्या गवतांच्या पंगतीतलं. ऑस्ट्रेलियात असाल तर मात्र हे सगळं लागू, तिकडे म्हणे उंटांच्या खोगिरात भरलेल्या गवतातून गेलं आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये ते तण म्हणून जाहीर केलं.

काम संपलं की गाडीत बसायच्या आधी बूट, मोजे, पँटच्या घड्या, बॅगेचे कप्पे सगळं झटकून बघायचं आणि जे बी निघेल ते खाली न टाकता त्याच कणसांच्या पिशवीत घालून मग तोंड बांधायचं. माझ्या घराच्या दारात, पायपुसण्याच्या शेजारी, दोन वर्षांपूर्वी एक ठोंब आला होता.