वाय-फाय रांगतंय? राउटर बदलण्याआधी एवढं करा

नेट मंदावलं की दोनच सल्ले मिळतात: नवा राउटर घ्या, नाहीतर मोठा प्लॅन घ्या. पैसे जातात आणि दुखणं बहुधा तिथंच राहतं. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत आणि नात्यागोत्यात मी हे काम कितीदा तरी केलंय, म्हणून ठामपणे सांगतो.

पहिल्यांदा लॅपटॉपला राउटरची वायर लावून स्पीड मोजा. 100 एमबीपीएसचा प्लॅन असून वायरवरही 20 च येत असतील, तर दोष लाइनचा किंवा त्या वायरचा. वायर बदलून बघा, तरीही तेच आलं तर तक्रार नोंदवा. वाय-फायच्या सेटिंगला हात लावू नका.

वायरवर पूर्ण स्पीड येतोय? मग राउटर टीव्हीच्या मागून आणि लोखंडी कपाटाजवळून हलवा. घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्यावर ठेवा.

आता चॅनल, म्हणजे पट्ट्यातली ज्या जागी राउटर बोलतो ती. मी इथंच फसलो होतो, म्हणून सावकाश वाचा. 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात आपल्याकडे 1 ते 13 चॅनल दिसतात, पण ते एकमेकांपासून फक्त 5 मेगाहर्ट्झवर आहेत आणि एका राउटरला निदान 20 लागतात. त्यामुळे एकमेकांत न घुसणारे तीनच उरतात: 1, 6 आणि 11. मी अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर उघडला. आजूबाजूचे राउटर कुठल्या चॅनलवर आहेत ते त्यात दिसतं. या तिन्हींवर शेजाऱ्यांची गर्दी, 3 रिकामा. खूश होऊन 3 लावला आणि संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा तुटायला लागला. कारण असं, की एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीनं बोलतात. 3 वरच्याला 1 आणि 6 दोन्हीकडचा नुसता गोंगाट येतो, आणि त्याचा गोंगाट त्या दोघांना. म्हणजे मी माझं तर बिघडवलंच, शेजाऱ्यांचंही बिघडवलं. ‘रिकामा दिसेल तो चॅनल घ्या’ हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका.

तिघांतला कुठला निवडायचा? राउटर किती आहेत ते मोजण्यापेक्षा त्यांच्या सिग्नलचा जोर बघा; तो त्याच अॅपमध्ये उणे आकड्यांत (डीबीएम) दिसतो. उणे 85 म्हणजे दूरचा, क्षीण. उणे 50 म्हणजे भिंतीपलीकडचा, जोरदार. उणे 85 चे चार शेजारी चालतील, उणे 50 चा एकही सतत डाउनलोड करणारा नको. हे दुपारी बघू नका, तेव्हा निम्मी इमारत कामावर असते. रात्री आठ-नऊला, तुम्ही जिथं बसता त्या खोलीत बघा. राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता, बहुधा 192.168.1.1, ब्राउझरमध्ये टाका, चॅनल बदला आणि तिथंच चॅनलची रुंदी 40 असेल तर 20 करा. इमारतीत 2.4 वर 40 ठेवणं म्हणजे दोन माणसांची जागा अडवून बसणं.

राउटरला 5 गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा असेल तर त्याला वेगळं नाव द्या आणि त्याच खोलीतला टीव्ही, लॅपटॉप त्यावर टाका. भिंती ओलांडताना तो लवकर दमतो.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत मात्र दगड-विटांच्या जाड भिंतींपुढे चॅनलचं काही चालत नाही. सिग्नल नसलेल्या खोलीत रिपीटर (मिळालेला सिग्नल पुढे पाठवणारा डबा) लावायला जाल तर त्यालाच सिग्नल मिळणार नाही. तिथं पहिल्या राउटरपासून चौकाच्या कडेनं वायर ओढा आणि मागच्या खोलीत दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथं वाय-फायनं पुरवायला, बसवा.