रात्री हेलिकॉप्टर उतरवताना उंचीचा अंदाज : या चुका टाळा

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या रिग (तेल काढण्याचे तळ) किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहेत. चांदणे नसलेल्या रात्री तिथे क्षितिज दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभागही दिसत नाही. दिसतात ते फक्त डेकचे, म्हणजे रिगवर हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागेचे, दिवे. एवढ्याच खुणेवर विसंबलेल्या डोळ्याला आपण आहोत त्यापेक्षा वर आहोत असे वाटते, आणि वैमानिक नकळत खाली येत राहतो.

माझ्यासोबतच्या एका प्रशिक्षणार्थीने डेकपासून एक सागरी मैलावर "सर, आपण हाय आहोत" म्हणत कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) खाली घेतला. खालच्या पृष्ठभागापासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर तेव्हा ४०० फूट होते, म्हणजे शंभर फूट उंचीच्या डेकसाठी उंची अगदी योग्य होती. पुढच्या काही क्षणांत डेकभोवतीच्या हिरव्या दिव्यांचे लंबवर्तुळ चपटे होत जवळजवळ रेघ झाले, म्हणजे आपण फार खाली आलो होतो, आणि आकडा २५० च्या खाली गेला, तरी त्याची नजर दिव्यांवरून हलेना. मी कंट्रोल्स घेऊन गो-अराउंड केले, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर गेलो. नंतर त्याचा प्रश्न काय, तर लँडिंग लाइट आधीच लावला असता तर? दमट हवेत तो प्रकाश पसरून समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि उंची कळतच नाही. पण नवशिक्यांना स्विच हवा असतो, सवय नको असते. याच मुंबई हाय परिसरात ४ नोव्हेंबर २०१५ रोजी रात्रीच्या सरावात एक डॉफिन हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून दोन्ही वैमानिक गेले, हे तरी त्यांनी आठवावे.

माझा शिरस्ता असा, की दुसऱ्या वैमानिकाने दर शंभर फुटांना उंची आणि वेग मोठ्याने वाचायचा, आणि दिव्यांचे लंबवर्तुळ चपटे होऊ लागले की उतरणे तिथेच थांबवायचे. डेकच्या कडेवर रेडिओ अल्टिमीटर पाण्याऐवजी डेकपासून उंची मोजू लागतो आणि आकडा एकदम शंभरेक फुटांनी घसरतो, तेव्हा मात्र दचकू नये.

उंचीमापकातली हवेच्या दाबाची नोंद जुनी ठेवू नका. दहा हेक्टोपास्कलच्या (दाबाचे एकक) चुकीने बॅरोमेट्रिक, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेली, उंची जवळजवळ ३०० फुटांनी चुकते. कॉकपिटमध्ये पांढरी टॉर्च लावू नका, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. खरोखरच वर राहिलात, तर वेग मारून सरळ खाली बसू नका. ३० नॉटपेक्षा कमी वेगात झपाट्याने उतरणे म्हणजे व्हॉर्टेक्स रिंगला आमंत्रण आहे; त्यात हेलिकॉप्टर स्वतःच्याच पंख्याच्या भोवऱ्यात सापडून वेगाने खाली जाते.

पौर्णिमेच्या आसपास रात्रीचे तास उरकून लॉगबुक भरणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही. त्या उजेडात समुद्र दिसतो, क्षितिज दिसते, आणि ज्या भ्रमासाठी हा सराव असतो तो भ्रमच होत नाही.